पोर्तुगालची रेड वाईन घेताय? कोरडी, मेयु सेकु की सरळ पोर्ट

लिस्बनला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटात वाईनच्या रॅकसमोर तोच प्रश्न, "अरे, यातली गोड कुठली?" आता खरं सांगू का, बहुतेकांना गोड हवी नसते, तुरट नको असते, आणि सगळा घोळ इथेच होतो.

तर तीन बाटल्या समोर ठेवू. सेकु म्हणजे कोरडी, जवळजवळ अजिबात गोड नसलेली रेड, दोरु नाहीतर दांव भागातली. मेयु सेकु म्हणजे अर्धी कोरडी. आणि तिसरी रुबी पोर्ट, म्हणजे गोड आणि कडक लाल वाईन. युरोपच्या नियमात सेकु म्हणजे लिटरला साखर 4 ग्रॅमपर्यंत, मेयु सेकु 4 ते 12 (वाईन आंबट असेल तर दोन्हीकडे थोडी सूट असते). 10 ग्रॅमवाली 750 मिलीची अख्खी बाटली धरा, त्यात साडेसात ग्रॅम, म्हणजे दोन चमचेसुद्धा भरत नाहीत, आपण चहाच्या एका कपात टाकतो तेवढी साखर! पोर्टमध्ये मात्र लिटरला 100 च्या आसपास, कारण द्राक्षरस आंबत असतानाच मधेच त्यात द्राक्षाची ब्रँडी ओतून ते थांबवतात, मग साखर तशीच उरते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं.

कोरडी दोरु पहिल्यांदा प्यायलात तर जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी धरते, तसं होतं. तो टॅनिनचा तुरटपणा. मेयु सेकुत टॅनिन असतंच, पण त्या चिमूटभर साखरेने ते टोचत नाही, गुळचट नाही लागत, नुसतं गोलसर लागतं.

आता जेवण. इथला फ्रांगु पिरी-पिरी, कोळशावर भाजलेली कोंबडी, मधून फाडून सपाट केलेली, कडा करपलेल्या, आणि वरून ब्रशने लावलेलं लाल मिरचीचं तेल. यावर मी एकदा हौसेने चांगली कोरडी दोरु उघडली आणि पस्तावलो, तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल आलं की आग दुप्पट होते, बाटली अर्धी तशीच राहिली. पुढच्या वेळी चार युरोची मेयु सेकु, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, साधारण 15 डिग्रीला, आणि ती मस्त जमली. शोरीसूवर, म्हणजे इथल्या पापरिका-लसूण घातलेल्या सॉसेजवर पण हीच. आणि गोव्याचं चोरीस किंवा विंदालू असेल तर डोळे मिटून मेयु सेकु (विंदालू मुळात इथल्याच 'विन्या दाल्युश'वरून आलं, वाईन आणि लसणात मुरवलेलं मांस, गोव्यात जाऊन वाईनच्या जागी व्हिनेगर आलं आणि मसाला चढला).

पण सगळीकडे नाही चालत हं. कुझीदु, म्हणजे डुकराचं, गाईचं मांस, सॉसेज आणि कोबी एकत्र उकडलेलं जड जेवण, किंवा नुसतं भाजलेलं बीफ असेल तर कोरडीच घ्या, मांसाबरोबर तिचा तुरटपणा आपोआप मऊ होतो, मेयु सेकु तिथे सरबतासारखी वाटते. जूनमध्ये रस्त्यारस्त्यावर तारल्या भाजतात त्यावर लोक रेड पितात खरं, मला तोंडात लोखंडासारखी चव येते, मी व्हाईट घेतो. पोर्ट जेवणात नकोच, ती जेवण झाल्यावर, सेरा दा इश्त्रेला चीजबरोबर. मेंढीचं दूध, एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजलेलं, आतून इतकं मऊ की चमच्याने काढून खातात.

एक काळजी घ्या, लेबलवर मेयु दोसी दिसलं तर ते वेगळं, 12 ते 45 ग्रॅमवालं, ते खरंच गोड. आणि साध्या वाईनवर गोडी लिहायची सक्ती नाही, त्यामुळे बऱ्याच बाटल्यांवर काहीच नसतं, मागचं लेबल वाचायचं नाहीतर दुकानात विचारायचं.

उघडलेली रुबी फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकते, बाकीच्या दोन्ही दोन-तीन दिवसांत संपवा. भारतात परतताना ड्यूटी फ्री 2 लिटरच नेता येते, म्हणजे दोन बाटल्या. पाहुण्यांच्या बॅगेत मी एक कोरडी आणि एक पोर्ट भरून देतो, मेयु सेकु आदल्या रात्री कोंबडीबरोबर इथेच संपलेली असते.