बुधासाठी हिरवा खडा: पाचू घ्यावा की पेरिडॉट?

नवरत्नांत बुधाचे रत्न म्हणून मान आहे तो पाचूचा. पेरिडॉट त्याचे उपरत्न म्हणून सुचवला जातो आणि किमतीतील अंतर मोठे असल्यामुळे अनेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. परंतु हिरवा रंग सोडला, तर हे दोन खडे घडणीने एकमेकांपासून फार दूरचे आहेत.

पाचू हा बेरिल या खनिजाचा प्रकार आहे. शुद्ध बेरिल रंगहीन असते. क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अल्प अंश त्यात मिसळला की पाचूचा गर्द हिरवा रंग येतो. पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचा रत्न म्हणून वापरला जाणारा प्रकार. त्यातील लोह मूळ रचनेतच असल्याने तो नेहमी हिरवा असतो, मात्र त्या हिरव्यात पिवळसर झाक असते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टातही ऑलिव्हिनचे कण आढळतात, पण ते सहसा पैलू पाडण्याजोगे नसतात.

खनिजांची कठिणता 1 ते 10 अशी मोजणाऱ्या मोह्ज श्रेणीवर पाचूची कठिणता 7.5 ते 8 आणि पेरिडॉटची 6.5 ते 7 आहे. यावरून पाचू अधिक टिकाऊ वाटतो, पण त्याच्या पोटात बारीक भेगांचे जाळे असते आणि आघात झाल्यास तो तिथेच तडकतो. या भेगा झाकण्यासाठी खड्यात तेल किंवा राळ भरण्याची पद्धत जुनी व सर्वमान्य आहे. ते किती भरले आहे, हे लपवणे मात्र गैर आहे. ज्योतिषी ‘निर्दोष’ पाचू सांगतात, आणि बाजारात स्वस्त व पूर्ण स्वच्छ मिळणारा खडा बहुधा काच किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला असतो, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. म्हणून भेगा असलेला, पण तेलाचे प्रमाण नोंदवलेल्या प्रमाणपत्रासह मिळणारा लहान खडा मी अधिक विश्वासार्ह मानतो. वजन कॅरेटमध्येच विचारावे, कारण रत्तीचे माप सर्वत्र सारखे नाही. 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम.

पेरिडॉटवर सहसा कोणतीही प्रक्रिया केलेली नसते. शिवाय त्याची ओळख सोपी आहे: भिंगातून पाहिले की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. आम्ल आणि तापमानातील अचानक बदल मात्र त्याला सोसत नाहीत.

श्रद्धेच्या बाजूने पाहिले, तर पाचूचा संबंध वाणी, बुद्धी, हिशेब आणि व्यापार यांच्याशी जोडला जातो; तो बुधवारी करंगळीत धारण करतात. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत मरकताला, म्हणजे पाचूला, विषहारक म्हटले आहे. पेरिडॉटला पाश्चात्त्य परंपरेत रात्रीची भीती घालवणारा खडा मानतात. बुधाशी त्याचे नाते रंगसाम्यातून आलेले आहे. या फलांना वैज्ञानिक आधार नाही, पण परंपरेचे स्वतःचे तर्कशास्त्र असते आणि त्यात पाचूची जागा पेरिडॉटला पूर्णपणे घेता येत नाही.

त्यामुळे परंपरा पाळण्यासाठी खडा हवा असेल, तर लहान का होईना, पाचूच घ्यावा. केवळ रंगाची आवड असेल, तर त्याच पैशांत अधिक मोठा व स्वच्छ पेरिडॉट मिळेल. रोज हाताने काम करणाऱ्याने मात्र दोहोंपैकी कोणताही खडा अंगठीऐवजी लॉकेटमध्ये बसवावा आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात न घालता कोमट पाण्याने हलकेच पुसावा.