‘हजार वॅट’चा ग्रो लाइट, वीज अडतीस वॅटची

इन्स्टाग्रामवर ‘१००० वॅट फुल स्पेक्ट्रम ग्रो लाइट, फक्त ३,४९९ रुपये’ अशी एक जाहिरात फिरते आहे. काळी चौकोनी पाटी, तिच्यावर पांढऱ्या-लाल एलईडींची दाटी आणि खाली टवटवीत लेट्यूस. ग्रो लाइट म्हणजे घरात, उन्हाशिवाय रोपं वाढवायचा दिवा. तो माझ्याकडे आहे आणि प्रत्यक्षात तो खातो ३८ वॅट. घेण्याच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, आणि घेतला असेल तर निदान घरच्या घरी तपासायचा कसा ते तरी बघा.

आमचा पुण्यातला फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि चहूबाजूंनी उंच इमारती उठल्यात. गॅलरीत ऊन येतं ते हजेरी लावून जाण्यापुरतं. म्हणून आतल्या खोलीत छोटा ग्रो टेंट लावला. दोन बाय दोन फूट, म्हणजे ६० बाय ६० सेंटीमीटर, आतून चकचकीत मायलरचं अस्तर. (तंबू म्हटल्यावर सोसायटीत ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांच्यासाठी: आत लेट्यूस, बेसिल आणि लवंगी मिरचीची रोपं आहेत, येऊन बघून जा.) टेंट आला, पंखा आला, कुंड्या होत्याच. दिवा मात्र बजेटात बसेना. चांगले पॅनल बघितले की किमती ऐकून घाम फुटायचा, आणि नेमकी तेव्हाच ही जाहिरात पुढ्यात आली.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण जाहिरातीतले दावे लक्षात ठेवा, कारण ते शब्दशः दुसऱ्या पानांवरही दिसतात: ‘१००० वॅट’, ‘सॅमसंग डायोड’ (म्हणजे एलईडी), ‘१५०० पीपीएफडी’ (रोपांवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप, पुढे सांगते), ‘४ बाय ४ टेंटसाठी योग्य’, आणि छापील किंमत ११,९९९ वर काट मारलेली. व्हॉट्सअपवर मी सरळ विचारलं होतं, खरोखर किती वॅट वीज लागेल? उत्तर आलं, “मॅडम एलईडी आहे, बिलाचं टेन्शनच घेऊ नका.” आकडा काही आला नाही. पुन्हा विचारलं तर क्यूआर कोड आला आणि खाली ‘लास्ट टू पीसेस’.

दिवा लावला तेव्हा डोळे दिपले, हे खरं. अंधाऱ्या खोलीत चकचकीत तंबूत कुठलाही दिवा डोळे दिपवतो. आपल्या डोळ्यांवर या बाबतीत विसंबून चालत नाही. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं आणि आपली बैठकीची खोली दोन-तीनशे लक्सची, तरी आपल्याला दोन्हीकडे व्यवस्थित दिसतं. रोपांना असं जुळवून घेता येत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत मिरचीची रोपं सुतळीसारखी बारीक होऊन वर धावायला लागली, दोन पानांमध्ये बोटभर अंतर. लेट्यूसचा गड्डा धरायचं नाव नाही, पानं लांबट, फिकी, सगळी मधल्या बाजूला झुकलेली. कोपऱ्यातलं बेसिल तर पडलंच.

खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, बियाणंच खराब, असे सल्ले खूप मिळाले. विक्रेत्याचा सल्ला सगळ्यात सुंदर: “मॅडम, आमचं लिक्विड न्यूट्रियंटही घ्या, कॉम्बोमध्ये डिस्काउंट देतो.”

मला खटकत होतं ते वेगळंच. हजार वॅट म्हणजे थंडीतल्या रूम हीटरची एक कांडी. तेवढी वीज दिवसाला सोळा तास एवढ्याशा तंबूत खर्च झाली असती, तर रोपं शिजली असती. आणि महिन्याला ४८० युनिट वाढले असते. बिलात असं काही दिसलं नाही, आणि पॅनलवर हात ठेवला तर नुसता कोमट.

मग महावितरणच्या मीटरवरच तपासलं. ही युक्ती फुकट आहे. आपल्या मीटरवर एक छोटा लाल दिवा मिचकतो, आणि शेजारी बारीक अक्षरांत एका युनिटला किती मिचकावण्या ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. तुमच्याकडचा आकडा वेगळा असला तर तो धरा. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज, राउटर, टेंटमधला पंखासुद्धा, आणि फक्त ग्रो लाइट चालू ठेवायचा. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन मिचकावण्यांमधला वेळ बघायचा. १००० वॅटचं उपकरण चालू असेल तर हा दिवा जवळजवळ दर सेकंदाला मिचकायला हवा. १०० वॅट असेल तर साधारण अकरा सेकंदांनी. मी जिन्याखाली उभी, आणि दिवा एकदा मिचकला तो पुन्हा मिचकायला अर्धा मिनिट घेतोय. हिशेब असा: ३६०० भागिले सेकंद, म्हणजे तासाच्या मिचकावण्या; त्याला ३२०० ने भागलं की युनिट. अर्ध्या मिनिटाला एक म्हणजे तासाला १२०, म्हणजे ०.०३७५ युनिट. ३८ वॅटच्या आतबाहेर. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर एका मित्राकडून आणला, त्यानंही तेच सांगितलं.

तरी विक्रेता ऐकणार नाही म्हणून पॅनल घेऊन तापकीर गल्लीत गेले, एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी तो नुसता हातात तोलला आणि हसले. “ताई, हजार वॅटला चार अँपिअरच्या वर करंट लागतो. ही वायर बघा.” मग ड्रायव्हरवरचा, म्हणजे एलईडींना वीज पुरवणाऱ्या डबीवरचा, चकचकीत ‘१००० वॅट’चा स्टिकर नखानं सोलला. खाली कारखान्याची छापील अक्षरं: आउटपुट ८० ते १३० व्होल्ट, ३०० मिलीअँपिअर. १३० गुणिले ०.३, म्हणजे जास्तीत जास्त ३९ वॅट. खोटा आकडा चिकटवताना खरा आकडा खरवडायचे कष्टही घेतले नव्हते.

हजार आले कुठून, तेही काकांनीच दाखवलं. पाटीवर २०० एलईडी आहेत. जाहिरातवाल्यानं प्रत्येकाला पाच वॅटचा धरला, २०० पंचे १०००. हे एलईडी २८३५ आकाराचे, म्हणजे २.८ बाय ३.५ मिलीमीटरचे. प्रत्यक्षात यात प्रत्येकाला वीज मिळते ०.२ वॅटही नाही. सॅमसंगचा शिक्का वगैरे भिंगातून बघूनही कुठे सापडला नाही, पण त्यावर मी जोर देत नाही, कारण डायोड कोणाचे हे नुसत्या नजरेनं सिद्ध करणं अवघड आहे. वॅटचा पुरावा मात्र ड्रायव्हरवरच छापलेला आहे.

आणि खरी भीती पुढे. प्लग तीन पिनांचा, पण अर्थिंगची हिरवी वायर खोक्याच्या आत नुसतीच कापून सोडलेली, ॲल्युमिनियमच्या पाटीला जोडलेलीच नाही. टेस्टर लावला तर पाटीवर मिणमिणता पेटला. ज्या तंबूत आपण ओल्या हातानं पाणी घालतो, तिथे ही धातूची पाटी डोक्यावर टांगलेली. पैसे गेले त्याचं दुःख एकवेळ राहू दे, याला मात्र मी माफ करणार नाही. काकांनी तिथेच वायर जोडून दिली. तुमच्याकडे असा स्वस्त पॅनल असेल तर आजच प्लग काढा आणि जाणत्या माणसाकडून अर्थिंग तपासून घ्या.

आता ‘१५०० पीपीएफडी’ या दाव्याकडे येऊ, कारण वॅटला फसला नाहीत तर इथे फसाल. रोपांना लागणारा प्रकाश लक्समध्ये मोजत नाहीत. लक्स हे माणसाच्या डोळ्यांचं माप, त्यात हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त गुण मिळतात. रोपं साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात आणि तो मायक्रोमोलमध्ये, म्हणजे प्रकाशकणांच्या संख्येत, मोजतात. दिवा सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल सोडतो तो पीपीएफ, आणि एका चौरस मीटरवर किती पडतो तो पीपीएफडी. आजचे चांगले पॅनल एका वॅटमागे २.५ ते २.९ मायक्रोमोल देतात. स्वस्तातले त्याच्या निम्म्याच्या आसपास.

समजा, माझा ३८ वॅटवाला अगदी उत्तमातला उत्तम आहे, वॅटमागे ३ मायक्रोमोल. झाले ११४. माझा टेंट ०.३६ चौरस मीटरचा. प्रकाशाचा एक कणही वाया गेला नाही तरी सरासरी ३१७. पंधराशे येणार कुठून? पाटीच्या अगदी खाली, मधोमध, वीतभर अंतरावर मोजलेला एखादा आकडा पूर्ण टेंटच्या नावावर खपवला, एवढंच असू शकतं. आणि ४ बाय ४ चा टेंट म्हणजे चौपट जागा.

मोबाइलच्या लक्स ॲपवर मी मोजलं तर मध्यभागी नऊ-दहा हजार लक्स आणि कोपऱ्यात साडेतीन हजार. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की मायक्रोमोलचा ढोबळ अंदाज येतो. म्हणजे मध्ये १३०-१४०, कोपऱ्यात ५०. (जांभळ्या उजेडाच्या दिव्यांना हा भागाकार लावू नका, आकडा साफ चुकतो.) लेट्यूसला सोळा तास प्रकाश दिला तर साधारण २०० ते २५० लागतात, फळावर आलेल्या मिरचीला त्याहून बरेच जास्त. मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे अगदी कोवळी खायची रोपं, या दिव्याखाली येतात, छान येतात. ‘४० वॅटचा दिवा, मायक्रोग्रीन्ससाठी’ असं सांगून आठशे-हजाराला विकला असता तर मी तक्रार केली नसती.

हे सगळे फोटो विक्रेत्याला पाठवले. पहिलं उत्तर: “मॅडम, १००० हा मॉडेल नंबर आहे.” मी त्यांच्याच जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात ‘पॉवर: १००० वॅट’ असं स्वच्छ लिहिलेलं. दुसरं उत्तर: “ते एचपीएस इक्विव्हॅलंट आहे.” म्हणजे जुन्या सोडियम दिव्यांच्या १००० वॅटची बरोबरी हा ३८ वॅटमध्ये करतो म्हणे. एलईडी कितीही चांगला असला तरी सोडियमच्या पंचवीसपट कार्यक्षम नसतो हो. तिसऱ्या उत्तरात सूर बदलला: बॉक्स उघडलाय, रिटर्न होणार नाही, पण १,००० रुपये परत देतो, तुम्ही आमच्या पानावरची तुमची कॉमेंट डिलीट करा. मी नाही म्हटल्यावर नंबर ब्लॉक. आणि त्यांच्या पानावर ‘१००० वॅट’च्या पुढे बारीक अक्षरांत ‘इक्वि.’ चिकटलं. म्हणून सांगते, पैसे पाठवायच्या आधीच पूर्ण पानाचे, तारखेसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे होते म्हणून पुढचं जमलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे मध्यस्थी होते, निकाल लागत नाही. विक्रेत्यानं दाद दिली नाही तर प्रकरण तिथेच थांबतं. माझं थांबलं. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन सोयी आपल्या कामाच्या आहेत: विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावायची सक्तीही नाही. अडचण आली ती विक्रेत्याच्या पत्त्याची. बिल म्हणून आलेल्या पीडीएफवर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं, जीएसटी क्रमांक नाही, बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कोणत्या देशातला माल तेही नाही. आयात मालाच्या बॉक्सवर हे नाव-पत्ता आणि देश कायद्यानं छापावेच लागतात. शेवटी कुरिअरच्या पावतीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता कामी आला. ती पावती फाडून टाकायची सवय असेल तर मोडा.

दरम्यान दुसरा दिवा घेतला, ५,८०० रुपयांना, ‘६५ वॅट’ असं साधं लिहिलेला. घेण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारल्या: प्रत्यक्ष वीज किती आणि पीपीएफ किती. त्यानं ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो पाठवला आणि १७० मायक्रोमोल सांगितले. भागाकार केला, २.६ आले, पटण्यासारखे. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघितला, कंपनीचं नाव जुळलं. घरी आणून मीटरवर लावला: सतरा-अठरा सेकंदांनी मिचकतो. लेट्यूसनं गड्डा धरलाय. दोन बाय दोनच्या टेंटला पालेभाजीसाठी खरे ५०-६० वॅट पुरतात. मिरची-टोमॅटो फळापर्यंत न्यायचे असतील तर १०० च्या आसपास धरा. सोळा तास चालवला तर १०० वॅटचे महिन्याला ४८ युनिट होतात, बिल पुढच्या टप्प्यात जातं का तेही बघून घ्या.

आयोगाकडून विरुद्ध पक्षाला नोटीस निघाली आहे, तारीख पडली की कळवीन. तोपर्यंत सावध राहा, कारण ते पान आता बंद आहे आणि नवीन नावाच्या पानावर हाच दिवा ‘टर्बो २०००’ म्हणून ४,९९९ ला आलाय. पाटीवर एलईडी मोजा: तेच २००, आता प्रत्येकी दहा वॅटचे.