क्रीडा मानसशास्त्रात मास्टर्स: ब्रिटन की अमेरिका?

मानसशास्त्रात बी.ए. झालंय, कॉलेजच्या संघातून कबड्डी नाहीतर बॅडमिंटन खेळून झालंय आणि आता दोन्हींची सांगड घालायची आहे. अशा मुलामुलींची गाडी हमखास रँकिंगपाशी अडते. ब्रिटनचं लफबरो विद्यापीठ चांगलं की अमेरिकेचं डेन्व्हर? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा. हातातली पदवी कुठे चालते आणि शिकून झाल्यावर स्वतःला काय म्हणवून घेता येतं, हे आधी बघा.

ब्रिटनमध्ये ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. तिथवर पोचायला दोन टप्पे. पहिला, ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची (बीपीएस) मान्यता असलेलं एक वर्षाचं एमएससी. दुसरा, सुपरवायझरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, साधारण दोन वर्षांचं. माहितीपत्रकात ठळक अक्षरात दिसतं ते पहिलं वर्ष. पुढच्या टप्प्यात सुपरवायझर आणि काम करायला क्लब बहुधा आपणच शोधायचे, वर फीही आपणच भरायची. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात हा भाग प्रोफेशनल डॉक्टरेट म्हणून करता येतो; तिथे निदान पाठीशी एक विभाग असतो.

आता व्हिसा. मास्टर्सनंतर तिथे राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. दोन वर्षांचं प्रशिक्षण दीड वर्षात कसं बसवायचं, याचा विचार फी भरायच्या आधी करायला हवा.

त्याहून मोठी मेख आहे जीबीसीची. तुमची पदवी बीपीएसच्या लेखी मानसशास्त्राची पूर्ण पदवी ठरते का, हे सांगणारी ही पात्रता. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.ए.त इतर विषय बरेच असतात. मानसशास्त्राच्या मुख्य शाखा झाल्या का, संशोधन पद्धती झाली का, स्वतः माहिती गोळा करून केलेला प्रकल्प आहे का, हे सगळं तपासलं जातं आणि आपलं घोडं बऱ्याचदा प्रकल्पापाशी पेंड खातं. काही विद्यापीठं जीबीसी नसतानाही एमएससीला प्रवेश देतात. पदवी मिळते, पण दुसऱ्या टप्प्याचं दार बंदच राहतं. मग मानसशास्त्रातली कमतरता भरून काढणारा कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे आणखी एक वर्ष, आणखी एक फी. म्हणून बीपीएसकडून आपल्या पदवीचं मूल्यमापन आधी करून घ्या, विद्यापीठाचा अर्ज नंतर.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे, कारण हा विषय तिथे बराचसा शारीरिक शिक्षणाच्या अंगणात वाढला. मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथने १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंसाठी प्रयोगशाळा काढली तेव्हापासून. आजही काही अभ्यासक्रम किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) विभागात आहेत, तर काही मानसशास्त्र किंवा समुपदेशन विभागात. बी.पी.एड. किंवा क्रीडाविज्ञान केलेल्यांना पहिल्या घरात सहज जागा मिळते, ब्रिटनमध्ये तितकी नाही. मात्र बहुतेक राज्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला डॉक्टरेट आणि परवाना लागतो. मास्टर्स करून मिळवता येतं ते असोसिएशन फॉर अप्लाइड स्पोर्ट सायकॉलॉजीचं सीएमपीसी (सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट) हे प्रमाणपत्र. त्यासाठी ठरलेले विषय, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तास आणि परीक्षा. या ४०० पैकी किमान २०० तास थेट खेळाडूंसोबत, संघांसोबत.

अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा, म्हणजे खर्च मोठा. पण सरकारी विद्यापीठांच्या किनेसिऑलॉजी विभागांत असिस्टंटशिप मिळू शकते: पदवीच्या मुलांचे वर्ग घ्या, बदल्यात फीमाफी आणि थोडं मानधन. ब्रिटनच्या एक वर्षाच्या एमएससीत अशी सोय क्वचितच. अडचण पुन्हा बी.ए.चीच: तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं घेतात, काही घेत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्स वर्ष करता येत असेल तर करा, संशोधन प्रकल्पासह. तो प्रकल्प जीबीसीलाही कामी येतो.

अर्जांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये स्वतःबद्दलचं निवेदन, दोन शिफारसपत्रं, झालं. अमेरिकेत तीन पत्रं लागतात, मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते आणि थीसिसवाला मार्ग घ्यायचा तर प्राध्यापकाला आधीच लिहावं लागतं. शिफारसपत्रांत एक प्रशिक्षकाचं असावं. आणि कृपा करून ‘मला लहानपणापासून खेळाची आवड’ने निवेदन सुरू करू नका. चौदा वर्षांखालच्या संघासोबत एक हंगाम वही घेऊन बसला असाल तर त्याबद्दल लिहा.

परत यायचं असेल तर हिशोब बदलतो. भारतात या उपाधीला वेगळा परवाना नाही. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून या क्षेत्रात आले आणि त्यांनी नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांसोबत काम केलं. इथल्या अकादमीत ‘कुठली नोंदणी?’पेक्षा ‘कुणासोबत काम केलंय?’ हेच आधी विचारलं जाणार. त्यामुळे परतणाऱ्याला मी अमेरिकेचा तासांवर बेतलेला अभ्यासक्रम सुचवेन, तोही असिस्टंटशिप मिळाली तरच. न मिळाल्यास कर्ज काढून जाण्यापेक्षा इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठातलं क्रीडा मानसशास्त्राचं एम.ए. बघा. ब्रिटन त्यांच्यासाठी, ज्यांना तिथेच राहायचंय आणि ज्यांची जीबीसी पक्की आहे.

दोन्हीकडच्या विभागांना एकच मेल पाठवा: मागच्या बॅचमधल्या किती जणांना अभ्यासक्रम चालू असताना संघासोबत काम मिळालं, आणि ते कुणी मिळवून दिलं?