'रंगून': चिखलातले खरे आणि तलवारीचे खोटे

विशाल भारद्वाज यांचा 'रंगून' २४ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात चित्रपटगृहात पाहिला होता. मध्यंतरात जितका भारावून बाहेर आलो, तितकाच शेवटी हिरमुसून घरी परतलो. नेमके काय बिनसले हे त्या वेळी मला सांगता आले नव्हते. गेल्या महिन्यात तो घरी पुन्हा सलग पाहिला आणि आता ते सांगता येईल असे वाटते. त्यासाठी शेवट उघड करावा लागणार आहे, म्हणून ज्यांना तो आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.

काळ दुसऱ्या महायुद्धातला, १९४३-४४ च्या आसपासचा. मुंबईच्या पडद्यावर चाबूक उडवणारी, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करणारी ज्युलिया (कंगना राणावत) ही त्या काळची लाडकी तारका आहे. एके काळी स्वतः साहसपटांचा नायक असलेला आणि एका जीवघेण्या प्रसंगाच्या चित्रीकरणात हात गमावून निर्माता झालेला रुसी बिलिमोरिया (सैफ अली खान) तिचा मालकही आहे आणि प्रियकरही. ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढणाऱ्या सैनिकांच्या मनोरंजनासाठी ज्युलियाला तिकडे पाठवण्याचे ठरते आणि तिच्या संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश लष्करातला जमादार नवाब मलिक (शाहिद कपूर) याच्यावर येते. वाटेत जपानी विमानांचा हल्ला होतो, ताफ्याची पांगापांग होते, ती दोघे जंगलात एकमेकांच्या आधाराने उरतात आणि प्रेमात पडतात. नवाब प्रत्यक्षात आझाद हिंद सेनेसाठी काम करतो आहे आणि एका महाराजाची रत्नजडित तलवार त्या सेनेपर्यंत पोहोचवण्याचा खटाटोप चालू आहे, हे पुढे उलगडते.

ज्युलियामागे कोणाची सावली आहे हे जुने चित्रपट जाणणाऱ्याला लगेच ओळखू येते. १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली मेरी एव्हान्स लहानपणी भारतात आली आणि वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'मुळे १९३५ मध्ये फिअरलेस नादिया म्हणून घराघरांत पोहोचली. गोऱ्या कातडीची बाई मुखवटा चढवून जुलमी लोकांना चाबकाने फोडून काढते आहे, हे पाहताना पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला काय वाटत असेल याची कल्पना आजही करता येते. भारद्वाज यांनी तिच्यातले धाडस घेतले, पण ज्युलियाला पूर्वायुष्य निराळे दिले. ती भटक्या घरातली, कोवळ्या वयात पैसे मोजून रुसीने विकत घेतलेली मुलगी आहे, आणि 'मिसेस बिलिमोरिया' होणे हेच तिचे स्वप्न आहे. पडद्यावर कोणालाही न भिणारी बाई पडद्याबाहेर दुसऱ्याच्या मालकीची असावी, हा विरोध चित्रपटाचा खरा गाभा आहे, आणि जिथे जिथे तो त्याला धरून राहतो तिथे तिथे तो फार उंच जातो.

रुसीचे पात्र तर मला संपूर्ण लेखनातले सर्वांत पक्के वाटले. युद्धकाळात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, तिचा पुरवठा सरकारच्या हाती गेला होता आणि १९४२ पासून चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादाही घातली गेली होती. अशा दिवसांत इंग्रज अधिकाऱ्यांना दुखावणे निर्मात्याला परवडणारे नव्हते. रुसीची लाचारी या पार्श्वभूमीवर पाहिली की तो खलनायक उरत नाही. ज्युलियावर त्याचे प्रेम आहे यात शंका नाही, पण ते प्रेम आपल्या मिळकतीवर असावे तसे आहे. तिच्यासाठी घरच्यांशी वैर घेणारा, आपले आधीचे लग्न मोडायला निघालेला हा माणूस तिला तिचे मत मात्र कधी विचारत नाही. सैफने ही गुंतागुंत फारसा आवाज न चढवता दाखवली आहे. मत्सर त्याच्या बोलण्याच्या आधी मानेच्या ताठरपणात दिसतो.

आता जंगलाविषयी. चित्रपट ज्या एका भागासाठी पुन्हा पाहावा तो भाग हा आहे. ज्युलिया, नवाब आणि त्यांच्या हाती लागलेला हिरोमिची हा जपानी सैनिक अशी तिघे रान तुडवत निघतात. एक मुंबईची नटी, एक ब्रिटिश लष्करातला हिंदुस्थानी जमादार आणि एक शत्रू, ज्याला त्या दोघांसारखेच घरी परतायचे आहे. पडद्यावर शेकडो वेळा खोटे धोके अंगावर घेतलेल्या बाईला इथे खरा धोका भेटतो. अरुणाचल प्रदेशात चित्रित केलेल्या या दृश्यांत छायालेखक पंकज कुमार यांनी पाऊस, धुके आणि चिखल यांना जवळजवळ पात्रांचा दर्जा दिला आहे. चिखलातले ते प्रणयदृश्य बरेच गाजले, पण मला त्यातली एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. अंगभर माखलेल्या चिखलाखाली ज्युलियाची रंगभूषा, तिचे कपडे, तिचा गोरेपणा, त्याचा गणवेश आणि हुद्दा हे सगळे एकाच राखाडी-तपकिरी रंगात मिटून जाते. कोण तारका आणि कोण तिचा पहारेकरी हे डोळ्यांना कळेनासे होते. मालकीवर उभ्या असलेल्या नात्यातून आलेल्या बाईला पहिल्यांदाच बरोबरीचा माणूस मिळाला, हे सांगायला इथे एकाही संवादाची गरज पडलेली नाही. बंदी केलेल्या सैनिकाला जगू द्यावे की मारावे यावरून जे ताण निर्माण होतात, त्यांतही युद्ध म्हणजे काय हे तोफांच्या कुठल्याही दृश्यापेक्षा जास्त कळते.

प्राणापेक्षा मोलाचे काही असते का, हा प्रश्न या दोघांच्या बोलण्यातून पुढे येतो आणि ज्याच्यासाठी मरता येईल ते मोलाचे, असे त्याचे उत्तर नवाबकडे आहे. उत्तर उत्तमच आहे. पण ते मिळाल्यानंतर चित्रपट आपली सगळी भिस्त एका तलवारीवर ठेवतो आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. तलवार मौल्यवान आहे, ती पोहोचली की सेनेला शस्त्रास्त्रांसाठी पैसा उभा करता येईल, इतके आपल्याला सांगितले जाते. त्यापुढे ती कोणाकडे आहे, कोठे लपवली आहे, कोणाला सापडली, याच्या धावपळीत उत्तरार्ध खर्ची पडतो. ज्या माणसांसाठी ती पोहोचवायची ती माणसे मात्र धूसरच राहतात.

हे अधिक खटकते, कारण प्रत्यक्ष इतिहासात ही माणसे मुळीच धूसर नाहीत. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरमध्ये सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली आणि जानेवारी १९४४ मध्ये आपले मुख्य ठाणे रंगूनला हलवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रंगूनमध्ये आझाद हिंद बँक सुरू झाली. या चळवळीचा पैसा आग्नेय आशियातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी जसा दिला, तसाच मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांनीही आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दिला आणि बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्यात भारत कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या मुलीही दाखल झाल्या. हातातली बांगडी काढून देणारी मळ्यावरची बाई आणि रुसीने किंमत मोजून घेतलेली ज्युलिया यांना एकदा समोरासमोर उभे केले असते, तर कोणत्याही राजाच्या रत्नांची गरज पडली नसती. ज्युलियाला देशासाठी उभे राहण्याचे कारण एखाद्या माणसाच्या चेहऱ्यात सापडायला हवे होते. ते तिला बव्हंशी प्रियकराकडून उसने मिळते.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. मुंबईहून ईशान्येकडे निघालेली ही मंडळी जेव्हा प्रवास करतात त्या काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ पडला होता. त्यात मेलेल्यांचे अंदाज वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक होते. म्हणजे ज्या शहराचे नाव चित्रपटाला दिले आहे, त्या शहराचे हातून निसटणे आणि बंगालमधली पाने रिकामी राहणे यांचा थेट संबंध होता. आगगाडीत नाचगाणी रंगतात, डब्यांतून मद्याचे प्याले फिरतात आणि खिडकीबाहेरच्या त्या भुकेला मात्र कथेत जागा मिळत नाही. दुष्काळावर वेगळा अध्याय लिहावा अशी माझी अपेक्षा नाही. एखाद्या फलाटावरची थोडी दृश्ये पुरली असती, आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी निघालेल्या त्या सजवलेल्या गाडीचा अर्थच पालटला असता.

कथा प्रत्यक्ष रंगूनमध्ये पोहोचत नाही, याचे मात्र मला वाईट वाटले नाही. रंगून हे या माणसांसाठी गाठायचे ठिकाण आहे, आणि ते पलीकडेच राहावे हे योग्य आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या रसिकांना हे नाव ऐकले की १९४९ च्या 'पतंगा'मधले 'मेरे पिया गये रंगून' हे टेलिफोनचे गाणे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या सी. रामचंद्रांनी त्याला चाल दिली आणि शमशाद बेगम यांच्याबरोबर स्वतः चितळकर या नावाने ते गायले. भारद्वाज यांनी त्याच मुखड्याची आठवण जागी करणारे गाणे रेखा भारद्वाज यांच्याकडून गाऊन घेतले आहे. गुलजारांच्या शब्दांत युद्धातल्या बड्या धेंडांची खिल्ली आहे आणि तंबूतल्या तमाशाचा खट्याळपणाही आहे. अरिजित सिंगच्या आवाजातले 'ये इश्क़ है' त्याच्या दुसऱ्या टोकाला जाते. सूफी प्रतिमांनी भरलेले हे गाणे प्रेमाला अशा जागी नेऊन ठेवते जिथे पटकथा नंतर पोहोचू शकत नाही. संगीत दिग्दर्शकाचेच असल्यामुळे गाणी कथेच्या अंगात मुरलेली आहेत. तरीही त्यांची संख्या जास्त आहे, आणि उत्तरार्धातली एक-दोन सहज वगळता आली असती.

लांबीचा मुद्दा इथेच येतो. चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. त्या काळातली ११,००० फुटांची मर्यादा म्हणजे साधारण दोन तास दोन मिनिटे. रुसीच्या स्टुडिओला जी शिस्त सक्तीने पाळावी लागली असती, ती त्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी आपणहून पाळली असती तर तलवारीची पळापळ आपोआप आटोपशीर झाली असती.

अभिनयात कंगना राणावत यांनी ज्युलियाचा बालिशपणा आणि तिची भूक दोन्ही पेलले आहेत. रंगमंचावरची ठसकेबाज ज्युलिया आणि रुसी खोलीत आला की आपोआप अंग चोरून घेणारी ज्युलिया या एकाच बाईच्या दोन चाली आहेत, आणि त्या चालींमधला फरक पाहण्यासारखा आहे. शाहिद कपूर यांच्या वाट्याला बोलणे कमी आहे. त्यांनी ते कमीपण जपले आहे, पण उत्तरार्धात नवाबकडे गुपित सांभाळण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. रिचर्ड मॅककेब यांचा जनरल हार्डिंग हिंदुस्थानी भाषा आणि संगीत यांत रस घेणारा साहेब आहे. सुरुवातीला या पात्राची भीती वाटते, कारण आपली भाषा इतकी सफाईने बोलणारा सत्ताधीश आपल्याला अधिक ओळखत असतो. पुढे लेखनाने त्याला ढोबळ क्रूरपणाकडे नेले आणि ती भीती ओसरली. ज्युलियाचा रंगभूषाकार झुल्फी याची भूमिका सहर्ष शुक्ल यांनी केली आहे. ज्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही अशा माणसाने आझाद हिंद सेनेचे एवढे मोठे गुपित वागवावे, ही कल्पना मला तलवारीपेक्षा कितीतरी पटीने रोमांचक वाटली.

शेवट पुलावर होतो. संगणकावर उभे केलेले ते दृश्य पाहताना सारखे जाणवत राहते की दरी खोल नाही आणि आगीला धग नाही. जंगलातला खरा चिखल डोळ्यांपुढे असताना हा खोटेपणा दुप्पट बोचतो. ज्युलिया आणि नवाब जातात, आणि ज्याने आयुष्यभर किंमत मोजून वस्तू मिळवल्या तो रुसी दोरावरून तोल सावरत तलवार पलीकडे घेऊन निघतो. दुसऱ्यांदा पाहताना मी तलवारीकडे पाहायचेच सोडून दिले आणि फक्त सैफच्या पावलांकडे पाहिले. साहसाच्याच खेळात हात गमावलेला, पुन्हा कधी दोरावर चढेल असे कोणाला वाटले नसते असा माणूस, जिच्यावर त्याने हक्क सांगितला तिचे काम पुरे करण्यासाठी एकेक पाऊल टाकतो आहे. मागची आग खोटी आहे, खालची दरी खोटी आहे, पण ती पावले खरी आहेत.