घंटा वाजवून गेलेल्यांचा हिशेब : खारघरमधील एका लष्करी पूर्वतयारी वर्गाविषयी

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी भरणाऱ्या एका लष्करी पूर्वतयारी वर्गाला माझी सतरा वर्षांची मुलगी यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा आठवडे जात होती. आठवड्यातून पाच दिवस पहाटे साडेपाच ते साडेसात मैदानावर कसरत आणि रविवारी सकाळी तीन तास लेखी व तोंडी सराव, असे त्याचे स्वरूप होते. शुल्क 26,000 रुपये, एकरकमी आणि कोणत्याही कारणास्तव परत न मिळणारे. वर्गाचे नाव मी देत नाही; चालकांशी जे बोलायचे ते समक्ष बोलून झाले आहे, आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात असे वर्ग आता इतके झाले आहेत की, येथील गुणदोष त्यांतील अनेकांना लागू पडतील.

प्रवेशापूर्वी पालकांची बैठक झाली, तेव्हा मुख्य प्रशिक्षकांनी पहिल्याच पाच मिनिटांत सांगितले, ‘‘मागच्या बॅचला चाळीस जण आले होते, बारा टिकले.’’ हे सांगताना त्यांच्या स्वरात जो अभिमान होता तो सभागृहातल्या आम्हा सर्वांना लागण झाल्यासारखा लागला. एखाद्या शिकवणीवाल्याने ‘माझ्याकडची चाळीसपैकी अठ्ठावीस मुले मध्येच निघून गेली’ असे सांगितले असते, तर आम्ही चपला घालून बाहेर पडलो असतो; येथे मात्र रांगेत उभे राहून पैसे भरले. मीही भरले. मैदानाच्या कडेला लोखंडी खांबावर एक पितळी घंटा टांगलेली होती. ज्याला सोडून जायचे असेल त्याने ती तीन वेळा वाजवायची आणि आपली टोपी खांबाखाली ठेवून निघायचे, असा नियम होता.

घंटेची ही प्रथा मूळची कॅलिफोर्नियातील कोरोनाडो येथील. अमेरिकी नौदलाच्या सील या कमांडो पथकांसाठी तेथे जे 24 आठवड्यांचे मूलभूत प्रशिक्षण दिले जाते, त्याच्या पहिल्या टप्प्यात साडेपाच दिवसांचा एक आठवडा असा असतो की उमेदवारांना त्या संपूर्ण काळात मिळून जेमतेम चार तास झोप मिळते. थंड समुद्राचे पाणी, ओली वाळू, डोक्यावर वाहायची रबरी होडी आणि ओंडके यांतून त्यांना सतत हलते ठेवले जाते. घंटा वाजवून केव्हाही बाहेर पडता येते, आणि गळती साधारणपणे दहांत सात ते आठ इतकी असते. आपल्याकडे भूदलाच्या पॅरा स्पेशल फोर्सेस या कमांडो दलात सुमारे 90 दिवसांचा परिवीक्षा काळ आहे, आणि तेथेही आलेल्यांपैकी बहुसंख्य परत जातात. नौदलाच्या मार्कोस या कमांडो दलाचा तळ तर आमच्या घरापासून फार लांब नाही. उरणचे आयएनएस अभिमन्यू ते हेच.

परंतु या सर्व ठिकाणी येणारा उमेदवार हा आधीच गणवेशात असलेला किंवा सैन्यात भरती झालेला असतो. त्याला नाकारले तरी त्याची नोकरी जात नाही. तो आपल्या पलटणीत किंवा जहाजावर दुसऱ्या कामाला लागतो. तेथील गळती ही चाळणीची गळती आहे. लाखो रुपये खर्चून पुढची दोन वर्षे ज्याला घडवायचे, तो पाण्याखाली किंवा शत्रूच्या मुलखात ऐनवेळी कच खाणारा निघू नये, म्हणून राज्यसंस्था स्वतःच्या खर्चाने ही चाळणी चालवते. आमच्या वर्गात चाळणीचा खर्च पालक करत होते, आणि चाळून उरलेल्यांना देण्यासाठी वर्गाकडे काहीही नव्हते. ना सैन्यातली जागा, ना कमांडोची मानाची टोपी. गाळणे हे निवड करणाऱ्याचे काम आहे आणि टिकवणे हे शिकवणाऱ्याचे. दुसऱ्या कामाचे पैसे घेऊन पहिले काम करणे, एवढाच माझा या वर्गावरचा मुख्य आक्षेप आहे.

गळती जास्त म्हणजे प्रशिक्षण कठीण, हे समीकरणही दिसते तितके खरे नाही. वेस्ट पॉइंट या अमेरिकी सैनिकी अकादमीत 2004 साली दाखल झालेल्या 1,218 छात्रांचा मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनी अभ्यास केला होता. पहिल्या उन्हाळ्यातील अत्यंत खडतर अशा सहा-सात आठवड्यांत त्यांतील 71 जणांनी अकादमी सोडली, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. म्हणून वेस्ट पॉइंटला कोणी सोपे म्हणत नाही. परीक्षेतील गुण, शारीरिक क्षमता आणि नेतृत्वाचे अनुभव यांवरून अकादमी जो एकत्रित गुणांक काढते, त्यावरून कोण सोडेल याचा अंदाज आला नाही. एका छोट्या प्रश्नावलीतून मोजलेल्या चिकाटीवरून तो अधिक चांगला आला. आमच्या वर्गाच्या भिंतीवर ‘शरीर थकत नाही, मन थकते’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे आणि असल्या अभ्यासांचा दाखलाही तेथे तोंडी दिला जातो. मात्र त्याच विषयावर पुढे 11,000 हून अधिक छात्रांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील निष्कर्ष भिंतीवर मावणारा नाही: पहिला उन्हाळा पार करण्यात चिकाटी महत्त्वाची ठरली, अभ्यासातील यश बुद्धिमत्तेवर अवलंबून राहिले, आणि पदवीपर्यंत पोहोचण्यात चिकाटीबरोबर शारीरिक क्षमतेचाही वाटा होता.

शरीर थकते, आणि मोडतेही. पाचव्या आठवड्यात माझ्या मुलीच्या डाव्या नडगीत दुखू लागले. चढावरची धाव आठवड्यात दुप्पट केली होती आणि जमीन एप्रिल-मेची, दगडासारखी. तिने हे आम्हाला सांगितले नाही, उस्तादांना, म्हणजे मैदानावरच्या प्रशिक्षकांना, तर नाहीच. रात्री बर्फ लावताना तिच्या आईने पाहिले, तेव्हा मुलीने मला दिलेले उत्तर असे होते, ‘‘बाबा, मैदानाबाहेर नुसतं बसलं तरी सगळे घंटेकडे बघतात.’’ हाडांच्या डॉक्टरांनी तपासून तीन आठवडे धावणे बंद करायला सांगितले आणि आणखी दहा दिवस अशीच धावली असती तर हाडाला बारीक तडा गेला असता, असेही बजावले. मला येथे 2022 च्या फेब्रुवारीची आठवण होते. कोरोनाडोचा तो आठवडा यशस्वीपणे पूर्ण केलेला एक उमेदवार काही तासांतच न्यूमोनियाने मरण पावला, आणि त्यानंतरच्या चौकशीत वैद्यकीय देखरेखीतील उणिवांबरोबर, बाहेर काढले जाण्याच्या भीतीने उमेदवार दुखणी लपवतात, ही गोष्टही पुढे आली. त्या चौकशीनंतर तेथे देखरेख वाढवण्यात आली. खारघरला घंटा आली. डॉक्टर आले नाहीत. प्रथमोपचाराची पेटी कार्यालयात असते आणि कार्यालय सकाळी नऊला उघडते.

आता चांगल्या बाजूकडे वळतो, कारण ती खरोखर चांगली आहे. मैदानावरचे दुसरे उस्ताद, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, फार कमी बोलतात. मी पहाटे मुलीला सोडायला जाऊन कठड्यावर बसत असे, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली: घंटा धावताना जवळजवळ कधीच वाजली नाही. ती वाजली ती पाणी पिताना, केळे खाताना, ‘उद्या पिठ्ठू (पाठीवरचे ओझे) घेऊन दोन फेऱ्या’ अशी सूचना झाल्यावर. मी हे उस्तादांना बोलून दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, आजच्या फेरीनं कोणी जात नाही, उद्याच्या फेरीनं जातं.’’ कोरोनाडोतही बहुतेक जण त्या आठवड्याच्या सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच बाहेर पडतात, पुढचे चार दिवस डोळ्यांसमोर उभे असताना. त्यामुळे हे उस्ताद मुलांना संपूर्ण अंतर कधीच सांगत नसत. पुढचा विजेचा खांब, मग ते गुलमोहराचे झाड, मग वळण, एवढेच. श्वास मोजायला लावत. दमलेल्या मुलाला शेजारच्याची काळजी घ्यायचे काम देत. माझ्या मते या माणसाच्या दोन तासांसाठीच वर्गाचे निम्मे शुल्क वसूल होते, आणि त्याला घंटेची गरज कधी पडली नाही.

रविवारचा वर्ग हा उरलेल्या निम्म्याचा मोबदला. येथे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचे लक्ष्य कमांडो होणे नसून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा हे आहे. खडकवासल्याच्या या प्रबोधिनीचे दरवाजे 2022 पासून मुलींनाही उघडले आहेत. लेखी परीक्षा 900 गुणांची, आणि एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची निवडही 900 गुणांची. या पाच दिवसांत झोप मोडणे नाही, घंटा नाही आणि धावण्याची शर्यतही नाही. पहिल्याच दिवशी चित्र पाहून गोष्ट लिहिणे व गटात बोलणे यांवरून अनेक जण घरी परततात. पुढे 60 शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला 15 सेकंद. 60 प्रसंग, प्रत्येकात काय कराल ते लिहायचे, अर्ध्या तासात. मैदानावर तीन मिनिटांत दहा अडथळे. निवृत्त अधिकारी असलेले एक शिक्षक हा सराव घेतात आणि पाठ करून आणलेले ‘शूर’ वाक्य लाल पेनाने निर्दयपणे खोडतात. माझ्या मुलीने ‘पराभव’ या शब्दावर ‘पराभव मला मान्य नाही’ असे लिहिले होते. त्याखाली त्यांचा शेरा होता, ‘मग केलेस काय?’ हा शेरा मला त्या भिंतीवरच्या वाक्यापेक्षा उपयोगी वाटला. मनोवृत्ती घडवण्याचा दावा जर कोठे खरा ठरत असेल, तर तो या टेबलावर.

किरकोळ बाबी थोडक्यात. पत्रकात पोहणे आहे, प्रत्यक्षात नाही. मुलींसाठी कपडे बदलायची खोली स्वच्छ आहे. पावती वेळेवर मिळते. वाहन उभे करायला जागा पुरते.

दहाव्या आठवड्याअखेर 38 पैकी 14 जण उरले आणि समारंभात हा आकडा पुन्हा टाळ्यांसह वाचला गेला. मी मुख्य प्रशिक्षकांना विचारले की गेलेल्या 24 जणांपैकी किती दुखापतीने गेले, किती कॉलेज सुरू झाल्यामुळे आणि किती खरोखर मन खचल्यामुळे, याची नोंद आहे का. नोंद नव्हती. त्यांनी माझे म्हणणे मात्र शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढच्या बॅचपासून दुखणाऱ्यांसाठी वेगळी रांग ठेवू, असे सांगितले. घंटा राहील, मुलांना ती आवडते, असेही म्हणाले. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी ही रांग झाली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी एखाद्या पहाटे स्वतः जाऊन पाहावे.

मुलगी आता फिजिओने दिलेल्या तक्त्याप्रमाणे खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये धावते, एक दिवस आड, सपाटीवर. रविवारचा वर्ग वेगळे पैसे भरूनही करता येतो, एका बैठकीचे 500 रुपये. तो तिने चालू ठेवला आहे.