लिनक्स डेस्कटॉपवर सिमचं इंटरनेट: फोन, हायलिंक डोंगल, स्टिक की एम.२ कार्ड?

घरापर्यंत फायबर पोचलेलं नाही, किंवा पोचलंय पण पावसाळ्यात सारखं तुटतं, आणि टेबलावर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा चालवणारा डेस्कटॉप आहे. या मशीनला सिम कार्डातून इंटरनेट द्यायचे चार मार्ग आहेत: फोनचं यूएसबी टेदरिंग, हायलिंक प्रकारचा डोंगल, स्टिक प्रकारचा डोंगल, आणि अ‍ॅडॉप्टरवर बसवलेलं एम.२ मोडेम कार्ड. "लिनक्सचा ड्रायव्हर मिळेल का?" हे सगळे आधी विचारतात. खरं तर आज या चारही मार्गांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने: मोबाइल नेटवर्कशी जोडणी यंत्र स्वतः करतं, की तुमचा कॉम्प्युटर करतो? फोन आणि हायलिंक ती स्वतः करतात आणि लिनक्सला साधं इथरनेट कार्ड म्हणून दिसतात. स्टिक आणि एम.२ कार्डाच्या बाबतीत पिन देण्यापासून एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा-प्रवेशाचं नाव) सांगण्यापर्यंत सगळं कॉम्प्युटरकडे येतं. बिघाड झाला तर कुठे पाहायचं, हेही यावरूनच ठरतं.

फोन: खर्च शून्य, पण कायमचा उपाय नाही

अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की कर्नल 'आरएनडीआयएस_होस्ट' ड्रायव्हर लावतो. काही नवे फोन एनसीएम पद्धत वापरतात, तिथे 'सीडीसी_एनसीएम' लागतो. दोन्हीकडे काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. आयफोनसाठी 'आयपीहेथ' ड्रायव्हर कर्नलात आहेच, मात्र यूएसबीमक्सडी ही सेवा चालू हवी आणि फोनच्या पडद्यावर 'ट्रस्ट' दाबायला हवं.

टेदरिंगचा पर्यायच दिसत नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे जोडलेली यूएसबी यंत्रं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' कमांडच्या यादीत फोन येतच नाही. दुसरी अडचण अशी की केबल निघाली किंवा फोन रीस्टार्ट झाला की टेदरिंग बंद होतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबीचं डीफॉल्ट कॉन्फिगरेशन 'टेदरिंग' असं ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. बऱ्याच फोनांचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दर वेळी बदलतो, म्हणून नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवरच्या जोडण्या सांभाळणारी सेवा) 'वायर्ड कनेक्शन २', '३' अशी रांग लागते आणि एकावर केलेली सेटिंग पुढच्याला लागू होत नाही. शिवाय दिवसभर पूर्ण चार्जवर तापत राहिलेली बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. डोंगल येईपर्यंतचे चार दिवस फोनवर काढावेत, वर्षभर नाही.

हायलिंक: बहुतेकांनी हाच घ्यावा

हायलिंक डोंगल म्हणजे यूएसबीच्या आकाराचा छोटा राउटर. एपीएन, पिन, एसएमएस, सिग्नल हे सगळं त्याच्या आतल्या वेबपानावर असतं. हुआवेचा पत्ता सहसा १९२.१६८.८.१. लिनक्सच्या बाजूला लागतो तो फक्त 'सीडीसी_ईथर' हा जुना, पक्का ड्रायव्हर. मोडेममॅनेजर (मोडेम हाताळणारी सेवा) नसला तरी चालतं, त्यामुळे कमीत कमी पॅकेजेसच्या डेबियनवरही तो लगेच चालू होतो.

नव्या माणसाला अडकवणारी खरी जागा त्याच्या आधी येते. बरेचसे डोंगल लावल्याबरोबर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, कारण विंडोजचं सॉफ्टवेअर आत साठवलेलं असतं. त्यांना मोडेमच्या रूपात आणण्याचं काम 'यूएसबी_मोडस्विच' करतं. त्यासाठी मूळ पॅकेज आणि त्याचं डेटा पॅकेज अशी दोन्ही लागतात. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ती सहसा आधीच असतात, आर्चवर स्वतः टाकावी लागतात. तपासायचं असं: डोंगल लावा, दहा-पंधरा सेकंद थांबा, 'एलएसयूएसबी' चालवा. हुआवेचा ई३३७२एच आधी १२डी१:१एफ०१ दिसतो आणि रूप बदलल्यावर १२डी१:१४डीसी. पहिलाच आकडा कायम राहिला तर ड्रायव्हर शोधत बसू नका, मोडस्विचचं पॅकेज नाही किंवा जुनं आहे. ३५६६ या क्रमांकाने येणारे ब्रोव्ही ब्रँडचे नवे डोंगल जुन्या डेटा पॅकेजला ओळखताच येत नाहीत.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "डोंगल चालतो, पण घरचं ब्रॉडबँड असतानाही डेटा सिमचाच जातो". लिनक्सच्या लेखी दोन्ही वायर्डच, मग प्राधान्य कोणाला हे नशिबावर. डोंगलच्या कनेक्शनला 'आयपीव्ही४.रूट-मेट्रिक' ७०० द्या (आकडा लहान तितकं प्राधान्य जास्त). वायर्डचा डीफॉल्ट १०० असतो, वायफायचा ६००, म्हणून ७०० वाला डोंगल फक्त बाकीचे दोन्ही नसतील तेव्हाच वापरला जातो. घरच्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.८ ने सुरू होत असेल तर दोघांपैकी एकाचा बदलावाच लागतो.

हायलिंकवर आक्षेप घेतला जातो तो दुहेरी नॅटचा (नॅट म्हणजे अनेक यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणं). मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर तुम्हाला आधीच त्यांच्या मोठ्या नॅटमागे ठेवतात, तेव्हा बाहेरून घरच्या मशीनवर थेट येणं स्टिक घेऊनही जमणार नाही. फक्त या कारणासाठी जास्तीची खटपट करू नये.

स्टिक: तोच डोंगल, वेगळं फर्मवेअर

खरेदीच्या वेळी सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. ई३३७२ हे एकच नाव हायलिंक आणि स्टिक अशा दोन्ही फर्मवेअरसह (यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर) विकलं गेलं आहे. 'एच' म्हणजे हायलिंक आणि 'एस' म्हणजे स्टिक हा अंदाज बहुधा बरोबर येतो, पण काही कंपन्यांनी 'एच'वरही स्टिक फर्मवेअर टाकून दिलं. वापरलेला डोंगल घेत असाल तर खोक्यावर विसंबू नका, यूएसबी क्रमांक बघा: १२डी१:१५०६ असेल तर तो स्टिक.

स्टिकमध्ये दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीतल्या स्टिक 'ऑप्शन' ड्रायव्हरने फक्त टीटीवाययूएसबी० सारखे सीरियल पोर्ट देतात आणि त्यावर पीपीपी, म्हणजे डायल-अपच्या काळातली जोडणी चालवावी लागते. डब्ल्यूव्हीडायलच्या फाइली, डायलआउट गटात आपलं नाव घालणं, हे सगळं त्या काळातलं. फोरजीचा पूर्ण वेग पीपीपीतून निघत नाही, म्हणून आज नवा घेताना असा डोंगल टाळा. नव्या पिढीतले क्यूएमआय किंवा एमबीआयएम (मोडेमशी थेट बोलायच्या नव्या पद्धती) बोलतात. क्यूएमआयचा ड्रायव्हर कर्नल ३.४ पासून आहे आणि एमबीआयएमचा ३.८ पासून, म्हणजे सध्याच्या कुठल्याही वितरणात दोन्ही मिळतात. हुआवेच्या स्टिकची स्वतःची वेगळी एनसीएम पद्धत आहे, तिचाही ड्रायव्हर कर्नलात आहे.

मोडेममॅनेजर चालू असला की 'एमएमसीएलआय -एल' या कमांडला मोडेम दिसतो. पुढे नेटवर्कमॅनेजरमध्ये 'जीएसएम' प्रकारचं कनेक्शन बनवून एपीएन द्यायचा: जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस.कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. इंटरफेस म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएएन० लिहिण्याची चूक फार जण करतात. तिथे नियंत्रणाचा पोर्ट, म्हणजे सीडीसी-डब्ल्यूडीएम० द्यायचा, नाहीतर सरळ तारका (*). उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर नसतो आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी मोडेमला हात लावत नाही. तिथे आधी नेटवर्कमॅनेजर टाका.

"कनेक्टेड दिसतं, पण आयपी मिळत नाही" यामागे बहुतेक वेळा रॉ-आयपी असतं. क्वालकॉमच्या नव्या चिप इथरनेटचं वेष्टण न वापरता थेट आयपी पॅकेट पाठवतात आणि त्यावर नेहमीचा डीएचसीपी क्लायंट (आयपी पत्ता आपोआप मागणारा प्रोग्राम) चालत नाही. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना वाचून हाताने डीएचक्लायंट चालवू नका, पत्ता लावण्याचं काम मोडेममॅनेजर आणि नेटवर्कमॅनेजरवर सोडा.

खोक्यातल्या सीडीवर 'लिनक्स ड्रायव्हर' असला तरी तो टाकू नये. तो जुन्या कर्नलसाठी लिहिलेला असतो, कंपाइल झालाच तर पुढच्या अपडेटला मोडतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसल्याने लोडच होत नाही.

एम.२ कार्ड: मेहनत जास्त, ताबाही जास्त

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचे एम.२ स्लॉट एसएसडीसाठी की-एम असतात आणि वायफायसाठी की-ई (की म्हणजे जोडातल्या खाचेचा प्रकार). मोडेम कार्ड की-बीचं असतं, ते यापैकी कशातच चालत नाही. त्याला सिमची जागा असलेला की-बी ते यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागतो, शिवाय दोन अँटेना आणि एमएचएफ४ जोडाच्या बारीक केबल. फोरजी कार्डं ३० बाय ४२ मिलिमीटरची असतात, फाइव्हजीची बरीचशी ३० बाय ५२, तेव्हा अ‍ॅडॉप्टरचा स्क्रू कुठे बसतो ते आधी बघा.

या खटपटीतून मिळतं काय? कॅट-४ (कॅट म्हणजे फोरजीच्या वेगाचा वर्ग) डोंगलचा कमाल वेग १५० एमबीपीएस, तर क्वेक्टेल ईएम०६ सारखं कॅट-६ कार्ड दोन बँड (लहरींचे पट्टे) जोडून ३०० पर्यंत जातं. हे कागदावरचे आकडे आहेत, पण टॉवरवर गर्दी असताना दोन बँड एकत्र मिळणं खरोखर जाणवतं. त्याहून मोलाचं म्हणजे बँड निवडता येतो, आरएसआरपी आणि एसआयएनआर (सिग्नलची ताकद आणि गोंगाटाच्या तुलनेत त्याची स्पष्टता) वाचता येतात, आणि अँटेना खिडकीत नेता येते. सिग्नल कमकुवत असलेल्या गावात हाच फरक निर्णायक ठरतो.

लॅपटॉपमधून काढलेली कार्डं स्वस्त मिळतात, पण दोन गोष्टी तपासा. पहिली, बँड. सिएरा ईएम७४५५ मध्ये बँड ८ आणि ४० नाहीत, तर आशियासाठीच्या ईएम७४३० मध्ये ते दोन्ही आहेत. जिओचं फोरजी ३, ५ आणि ४० वर चालतं, म्हणून भारतात ईएम७४३०च घ्यावं. दुसरी, एफसीसी (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) अनलॉक. लॅपटॉप कंपन्यांच्या काही कार्डांचं प्रसारण कुलूपबंद असतं, आणि मोडेममॅनेजर १.१८.४ पासून ते आपोआप उघडत नाही. कार्ड 'लो पॉवर'मधून बाहेर येत नसेल तर मोडेममॅनेजरच्या 'एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी' फोल्डरमधल्या योग्य स्क्रिप्टची लिंक ईटीसीखालच्या 'एफसीसी-अनलॉक.डी'मध्ये करावी लागते.

इंटेलच्या चिपची काही कार्डं लॅपटॉपमध्ये पीसीआयई पद्धतीने चालतात आणि लिनक्सवर तिथेच सर्वात जास्त त्रास देतात. आपण यूएसबी अ‍ॅडॉप्टर वापरतोय, म्हणून क्यूएमआय किंवा एमबीआयएम यूएसबीवर बोलणारं कार्डच शोधावं.

डोंगल आणि कार्ड, दोघांचेही दोन छुपे शत्रू

पहिला शत्रू वीज. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पियर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. सिग्नल कमी असला की मोडेम जास्त ताकदीने प्रसारण करतो, व्होल्टेज घसरतं आणि यंत्र तुटून पुन्हा जोडलं जातं. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये डिस्कनेक्ट आणि लगेच नवा यूएसबी क्रमांक असं वारंवार दिसलं तर दोष ड्रायव्हरचा नाही. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा, कार्डाला स्वतंत्र वीज घेणारा अ‍ॅडॉप्टर द्या.

दुसरा शत्रू गोंगाट. यूएसबी ३ च्या चालू पोर्टातून २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो आणि बँड ४० म्हणजे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ, अगदी शेजारीच. लोखंडी कॅबिनेटच्या मागे हार्ड डिस्कच्या केबलला चिकटून लावलेला डोंगल म्हणूनच रडतो. जाड तारांची एक मीटरची एक्स्टेन्शन लावून तो वर, मोकळ्या जागी आणा.

आर्चसारख्या सतत बदलणाऱ्या वितरणात आणखी एक गोष्ट: कर्नल अपडेट केल्यावर मशीन रीस्टार्ट न करता डोंगल लावला तर काहीच घडत नाही. चालू कर्नलचे मॉड्यूल डिस्कवरून गेलेले असतात, रीस्टार्ट केलं की डोंगल चालतो.

तर निवड अशी. काही दिवसांचीच गरज असेल तर फोन. ब्रॉडबँड बंद पडल्यावरचा पर्याय किंवा साधं रोजचं इंटरनेट हवं असेल तर हायलिंक. स्क्रिप्टमधून एसएमएस वाचायचे असतील किंवा कंपनीचं आयपीव्ही६ थेट मशीनवर हवं असेल तर क्यूएमआय किंवा एमबीआयएम बोलणारी स्टिक. टॉवर लांब असेल आणि दिवसभराचं काम याच जोडणीवर असेल तर एम.२ कार्ड. जिओचं फाइव्हजी हवं असणाऱ्यांनी कार्ड स्टँडअलोन (फोरजीच्या आधाराशिवायच्या) पद्धतीत एन७८ आणि एन२८ हे बँड चालवतं का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं. नुसतं 'फाइव्हजी' लिहिलेलं पुरेसं नाही.