खुब्याच्या ऑपरेशनचं पॅकेज: पैसे कुठे लागतात, कुठे वाया जातात

खुबा बदलून घेणं बेळगावात आता नवलाईचं राहिलेलं नाही. खानापूर-चिक्कोडीकडून तर येतातच, सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचेही पेशंट इकडे येतात. निपाणीवाल्यांना कोल्हापूर सोयीचं, कागवाडकरांना मिरज. हे परीक्षण कुठल्या एका दवाखान्याचं नाही. ‘टोटल हिप पॅकेज’ म्हणून जे काही गळ्यात घातलं जातं, त्याचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: थिएटरमधलं काम बहुतेक ठिकाणी चांगलं, काउंटरवरची विक्री संशय घेण्यासारखी, आणि टाके काढेपर्यंतची घरची देखभाल सगळ्यात कच्ची. गुंतागुंत नेमकी तिथेच होते.

आधी वस्तू बघू. नवा सांधा चार तुकड्यांचा असतो: कमरेच्या हाडात बसणारी धातूची वाटी, तिच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर, मांडीच्या हाडात उतरणारा दांडा, आणि दांड्याच्या टोकावरचा बॉल. विक्रीचा सगळा जोर बॉलवर. ‘सिरॅमिक घ्या, आयुष्यभर बघायला नको’ हे वाक्य ऐकलं नाही असा पेशंट विरळा. गुलाबी छटेचा तो सिरॅमिक बॉल उत्तम आहे, यात वाद नाही. पण झीज कमी झाली ती मुख्यतः लायनरमुळे. लायनरचं जुनं पॉलिथिलीन, म्हणजे प्लॅस्टिक, वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायचं; आताचं क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे आतून जास्त घट्ट बांधलेलं, त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून ७०-७५ च्या माणसाला धातूचा बॉल आणि क्रॉसलिंक लायनर पुरेसा आहे. पन्नाशीच्या आतल्याने सिरॅमिक बॉलसाठी जास्तीचे पैसे घालावेत, लायनर मात्र पॉलिथिलीनचाच ठेवावा. बॉल आणि लायनर दोन्ही सिरॅमिक घेतले तर क्वचित चालताना कर्र आवाज येतो, आणि त्याहून क्वचित सिरॅमिक फुटतं. धातूवर धातू ही जोडी आता कोणी सुचवू नये. त्यातलाच एएसआर सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. घासून सुटलेले कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूचं मांस खराब करत होते, आणि भारतातल्या पेशंटांनाही त्याची झळ बसली.

बॉलचा आकार मात्र आवर्जून विचारा. ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा बॉल २८ च्या मानाने सहज निखळत नाही, कारण वाटीतून बाहेर पडायला त्याला जास्त अंतर कापावं लागतं.

दुसरी विक्रीची गोष्ट सिमेंटची, म्हणजे दांडा हाडात पक्का बसवायला भरतात त्या मसाल्याची. ‘सिमेंटचा जुना प्रकार, अनसिमेंटेड आधुनिक’ असं सांगतात आणि फरकाचे पैसे लावतात. तरण्या, घट्ट हाडाला अनसिमेंटेड दांडा छान धरतो. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर हाड वाढतं. पण सत्तरीपुढच्या बाईच्या ठिसूळ हाडात तोच दांडा ठोकताना किंवा पुढच्या काही आठवड्यांत मांडीचं हाड चिरण्याचा धोका वाढतो. तिथे सिमेंट जास्त भरवशाचं. म्हाताऱ्या माणसासाठी कोणी सिमेंट सुचवलं, तर तो डॉक्टर मागासलेला नाही, हाड बघून बोलतोय.

किमतीबद्दलचा एक सरकारी नियम लक्षात ठेवा. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. खुब्याला तशी घातली नाही. त्यामुळे गुडघ्याचा दर दोन दवाखान्यांत जवळपास जुळतो, खुब्याचा जुळत नाही. बिलात ‘इम्प्लांट’ अशी एकच ओळ चालवून घेऊ नका. वाटी, लायनर, बॉल, दांडा, स्क्रू वेगवेगळे लिहून मागा. प्रत्येक तुकड्याच्या डब्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटलेले हवेत. उद्या फक्त लायनर बदलायची वेळ आली आणि वाटी कोणत्या कंपनीची हे कळेना, तर घट्ट बसलेली चांगली वाटीसुद्धा उपटावी लागू शकते. दहा रुपयांचा चिकट कागद, पण सगळ्या पॅकेजात यापेक्षा मोलाची गोष्ट कमीच.

निकालाबद्दल बोलायचं तर हे ऑपरेशन गुडघ्यापेक्षा सरस आहे. सांधा झिजून किंवा रक्तपुरवठा तुटून खुबा गेलेल्या माणसाची जांघेतली कळ बहुधा पहिल्या काही दिवसांतच थांबते. उरतं ते कापलेल्या स्नायूंचं दुखणं. लंगडणं जायला तीन ते सहा महिने, पुरती ताकद यायला वर्षसुद्धा. टिकाऊपणाचे आकडेही चांगले आहेत: दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास सांधे जागेवर असतात, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परदेशी आकडेवारीनुसार २५ वर्षांनी सुमारे ५८. पण दुखणं खरंच खुब्याचं हवं. कळ जांघेत असेल, पायात मोजा घालताना अडत असेल, तर बहुधा खुबा. कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत मुंग्या जात असतील, तर आधी कंबर तपासा. खुबा बदलून मणक्याचं दुखणं जात नाही. शंका असेल तर सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात. तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं तर दोष खुब्याचाच.

पडून मोडलेला खुबा हे मात्र वेगळंच प्रकरण. तिथे माणूस वयस्क, अंगात आधीचे आजार, आणि वर्षभरात दगावण्याचं प्रमाण शंभरात वीस ते तीस. ठरवून केलेल्या ऑपरेशनात तीन महिन्यांत तो धोका शेकडा एकाच्याही आत असतो. मोडलेल्याला दोन दिवसांच्या आत टेबलावर घेणं महत्त्वाचं. कार्डाची झेरॉक्स आणि मुंबईहून येणारा मुलगा यांची वाट बघत चार दिवस घालवले, की छातीत कफ, पाठीला जखमा आणि पायात गुठळ्या सुरू. अशा वेळी अर्धा सांधा (फक्त दांडा आणि बॉल, वाटी नाही) बसवायचा की पूर्ण, हे विचारून घ्या. अंथरुणाशी खिळलेल्याला अर्धा पुरतो. स्वतः शेतावर जाऊन येणाऱ्याला पूर्ण सांध्याचा विचार व्हायला हवा.

आता जंतुसंसर्ग. नियोजित ऑपरेशनात शंभरात साधारण एकाला होतो, पण ज्याला होतो त्याचं घर हलतं. निम्मी तयारी ऑपरेशनाआधीची आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय तारीख घेऊ नका. तंबाखू-विडी निदान चार आठवडे आधी बंद. निपाणी पट्ट्यात हे सांगणं सोपं नाही, पण जखम भरणारं रक्त त्यानेच आटतं. टाचेच्या भेगा, नखातला पू, किडलेली दाढ, लघवीची जळजळ, सगळं आधी मिटवा. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने मांडी भादरू नका. त्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच झाले तर दवाखान्यात क्लिपरने. ऑपरेशनात अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. ते चांगल्या ठिकाणी चुकत नाही.

चुकतं ते घरी. पट्टी पाच-सात दिवसांत कोरडी पडली पाहिजे. त्यानंतरही ओली होत असेल, जखमेभोवती लाली पसरत असेल, तर गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या आणू नका, थेट ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा. गोळ्यांनी वरचं पाणी थांबतं, आतले जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, आणि पुढे सुईने पाणी काढून तपासलं तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काही उगवत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पकडलं तर जखम उघडून धुऊन, लायनर आणि बॉल बदलून बाकीचा सांधा वाचवता येतो. तीन महिने दडपलं तर सगळा सांधा काढायचा, औषध मिसळलेलं सिमेंट काही आठवडे भरून ठेवायचं, मग पुन्हा नवा. म्हणजे आणखी दोन ऑपरेशनं, आणि ती मूळ पॅकेजात नसतात. टाके साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. तोवर जखमेवर हळद, तेल, भस्म काहीही नको.

निखळणं शंभरात एक ते तीन जणांचं, आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. चिरा मागच्या बाजूने असेल तर तीन गोष्टी टाळायच्या: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, आणि पावलं आत वळवून कमरेत फिरणं. कागदावर हे सोपं दिसतं. आपल्याकडे मात्र देवापुढे पाटावर बसणं, परसातला बैठा संडास, न्हाणीत चार इंची स्टुलावर अंघोळ, चुलीपुढची बैठक, या सगळ्यात खुबा ९० च्या पार जातो. पुढून किंवा बाजूने चिरा असेल तर निर्बंध वेगळे; पुढच्या चिऱ्यात मांडीची बाहेरची बाजू बधिर राहू शकते, बाजूच्या चिऱ्यात लंगडणं जरा लांबतं. तेव्हा चिरा कुठून दिला ते विचारून त्याप्रमाणे वागा. शेजाऱ्याच्या ऑपरेशनाचे नियम तुमच्या खुब्याला लावू नका.

अचानक कळ, पाय आखूड आणि आत वळलेला, उभं राहता येत नाही: सांधा निखळला. पाय ओढायचा नाही, मालीश नाही, हाडवैद्य नाही. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, कारण भूल देऊन बसवायचा आहे. पायांच्या मध्ये उशी ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवा.

साहित्याचं परीक्षण वेगळंच लिहिता येईल. आमच्या मते जास्तीचे पैसे सिरॅमिकपेक्षा इथे लावावेत. बसायची जागा किती उंच हवी, ते चप्पल घालून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत मोजा आणि त्यात दोन इंच मिळवा. बहुतेकांना १८ ते २० इंच लागतात. साधा कमोड १६ च्या आसपास भरतो, म्हणून वर चार इंच उंची वाढवणारी सीट बसवा किंवा पाय उंच-कमी होणारी कमोड खुर्ची घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून केलेला जुगाड नको. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. बाज सैल असेल तर ती बाजूला ठेवून लाकडी पलंगाखाली ठोकळे द्या. वॉकरची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या वळीशी यायला हवी, आणि त्याचे रबरी बूट गुळगुळीत झाले की बदलायचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात हाच फरक पडतो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घरी नेताना रिक्षा नको, तिची सीट बुटकी. कारची पुढची सीट मागे सरकवून, पाठ कलती करून, खाली उशी द्या. आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या.

गुठळ्यांवरचं औषध, इंजेक्शन असो वा गोळी, बहुधा ३५ दिवसांपर्यंत लिहून दिलेलं असतं. चालायला लागलं म्हणून दहाव्या दिवशी बंद करणारे पुष्कळ. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघत बसू नका.

पाय लांब वाटतो, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. सुरुवातीला ताठ स्नायूंमुळे कंबर कलते आणि बरोबरीचा पायही लांब भासतो. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्या चपलेला जाडी लावू नका. त्यानंतर मोजून फरक खरा निघाला तर एक सेंटीमीटरपर्यंत बहुतेकांना चालतो. जास्त असेल तर चांभाराकडून दुसऱ्या पायताणाच्या तळाला रबर लावून घ्या. मागे पट्टा नसलेली कोल्हापुरी मात्र हे दिवस बाजूलाच.

कागदपत्रांत सीमाभागाचा स्वतःचा घोळ आहेच. कर्नाटकातल्या आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबाला, सरकार पॅकेज दराच्या ३० टक्के देतं. नियोजित ऑपरेशनाला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, आणि ती दाखल झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची. महाराष्ट्राने २०२३ साली आपली महात्मा फुले आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू करायचं जाहीर केलं. आपलं गाव त्यात आहे का, आणि तो दवाखाना खुब्यासाठी पॅनेलवर आहे का, हे योजनेच्या खिडकीवर तोंडी नाही, नोंद बघून विचारा. भाषेचं म्हणाल तर सिस्टर आणि फिजिओ मराठी बोलतात, कागद बोलत नाही. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजी असेल तर सहीआधी मराठीत वाचून घ्या, आणि फिजिओने सांगितलेले व्यायाम मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा.

राहिली तपासणी. सहा आठवड्यांनी, वर्षाने, आणि पुढे सर्जन सांगेल त्या अंतराने एक्स-रे काढा, दुखत नसलं तरी. लायनर झिजताना किंवा दांड्याभोवती हाड विरघळताना सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखेपर्यंत थांबलं तर नवा दांडा धरायला हाड उरत नाही. पहिली फिल्म जपा. पावसाळ्यात फिल्मा एकमेकींना चिकटतात, म्हणून खिडकीच्या उजेडात धरून त्यांचा आणि स्टिकरच्या पानाचा फोटो काढा, आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.